विश्लेषण : बॅटरी ठणठणीत, तरी सेल्फ नुसता ‘टक्’ करतो... जुन्या गाडीच्या बिघाडाचा ‘अर्थ’ कसा लावायचा?

किल्ली फिरवली की ‘टक्’ असा एकच आवाज येतो आणि पुढे काहीच घडत नाही. हेडलाइट लागतात, हॉर्नही खणखणीत वाजतो. मग पहिला संशय बॅटरीवर जातो, दुसरा सेल्फवर. दोन्ही बदलून होतात, पण चार दिवसांनी पुन्हा तेच. जुन्या गाड्यांच्या बाबतीत हा अनुभव नवा नाही. अशा वेळी खरा दोष अनेकदा इंजिन आणि बॉडी यांना जोडणाऱ्या एका साध्या पट्टीत असतो. तिला गॅरेजच्या भाषेत ‘अर्थ’ म्हणतात. ही पट्टी नेमके काय करते, ती खराब झाली की कोणती लक्षणे दिसतात आणि घरच्या घरी तपासणी कशी करायची, हे समजून घेऊ.

हा विषय आत्ता का महत्त्वाचा?

मुंबईच्या कुर्ला येथील कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी आता रस्त्यावर क्वचितच दिसते. मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. टॅक्सीसाठी असलेली २० वर्षांची वयोमर्यादा संपल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये काळी-पिवळी पद्मिनी शहराच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. मात्र खासगी मालकांनी जपलेल्या पद्मिनी, फियाट ११००, अ‍ॅम्बेसेडर आणि जीप आजही अनेक सोसायट्यांच्या आवारात उभ्या आहेत.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेल्या आणि व्यावसायिक वापरात नसलेल्या दुचाकी व चारचाकींना ते लागू आहेत. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, फेरनोंदणीचे ५ हजार रुपये आणि नोंदणीची मुदत १० वर्षे आहे. अशा गाड्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार नसावेत, ही अट आहे. ‘पद्मिनी’ हे नाव १९७४ पासून वापरात आले. म्हणजे त्या नावाच्या सुरुवातीच्या गाड्यांनीही आता पन्नाशी ओलांडली आहे.

त्यामुळे जुन्या गाड्या नव्याने रंगवून, सजवून घेणाऱ्यांची गाठ या बिघाडाशी पडतेच. गंमत म्हणजे गाडी जितकी चकचकीत रंगवलेली, तितकी या बिघाडाची शक्यता जास्त. त्याचे कारण पुढे येईल.

गाडीतला ‘अर्थ’ म्हणजे नेमके काय?

घरातील अर्थिंग आणि गाडीतील अर्थ यांचे काम वेगळे आहे. घरातील अर्थिंगची तार जमिनीत जाते. नेहमीच्या वापरात तिच्यातून करंट वाहत नाही. शॉक लागू नये म्हणून ती असते. गाडी मात्र रबरी टायरवर उभी असते. तिच्या ‘अर्थ’चा जमिनीशी काही संबंध नाही.

गाडीत प्रत्येक दिव्याला, मोटरला बॅटरीच्या पॉझिटिव्हकडून एक तार येते. परत जाणारी दुसरी तार मात्र बहुतेक ठिकाणी नसते. करंट गाडीच्या लोखंडी बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परततो. तारांचा खर्च आणि वजन वाचवण्यासाठी ही पद्धत रूढ झाली. म्हणजे ‘अर्थ’ हा करंटचा परतीचा रस्ता आहे. जाण्याचा रस्ता कितीही चांगला असला, तरी परतीचा रस्ता अरुंद झाला तर वाहतूक कोंडणारच.

यात इंजिनाची अडचण वेगळी आहे. इंजिन बॉडीवर थेट बसवलेले नसते. हादरे कमी व्हावेत म्हणून ते रबरी माउंटिंगवर ठेवलेले असते आणि रबरातून करंट जात नाही. सेल्फ इंजिनाला किंवा क्लच हाऊसिंगला बोल्टने जोडलेला असतो, त्यामुळे त्याचा सगळा करंट इंजिनाच्या धातूत उतरतो. तिथून तो बॉडीकडे नेण्यासाठी तांब्याच्या तारांची विणलेली लवचिक पट्टी दिलेली असते. काही गाड्यांत बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी बॉडीला आणि मग दुसरी पट्टी इंजिन किंवा गिअरबॉक्सला जोडलेली असते. जीपसारख्या वेगळी चासी असलेल्या गाड्यांत बॉडी, चासी आणि इंजिन असे तीन भाग एकमेकांशी जोडावे लागतात.

लाइट लागतात, मग सेल्फ का फिरत नाही?

इथेच बहुतेकांची फसगत होते. उत्तर दहावीच्या विज्ञानातील ओहमच्या नियमात आहे. तारेत किंवा जोडात होणारी व्होल्टची घट म्हणजे करंट गुणिले रोध.

समजा, बॅटरीच्या अर्थ केबलचा बॉडीवरील जोड गंजला आणि तिथे फक्त ०.०२ ओहम इतका रोध तयार झाला.

• दोन्ही हेडलाइट मिळून ९० वॉट धरले, तर १२ व्होल्टवर साधारण ७.५ अँपिअर करंट लागतो. ७.५ गुणिले ०.०२ म्हणजे घट फक्त ०.१५ व्होल्ट. डोळ्यांना फरकही कळणार नाही.

• लहान पेट्रोल इंजिनाचा सेल्फ फिरताना १५० अँपिअरच्या घरात करंट मागू शकतो. १५० गुणिले ०.०२ म्हणजे घट ३ व्होल्ट. सेल्फ सुरू होताच बॅटरीचे व्होल्टेज एरवीही खाली येते. त्यातून आणखी ३ व्होल्ट गेले तर सेल्फला इंजिन फिरवण्याइतकी ताकद उरत नाही.

हा हिशेब ढोबळ आहे. प्रत्यक्षात रोध वाढला की करंटही काहीसा कमी होतो. पण तो १२० अँपिअरवर आला, तरी त्या एका जोडात २.४ व्होल्ट खर्ची पडतात. २.४ गुणिले १२० म्हणजे जवळपास २९० वॉट उष्णता एका गंजलेल्या बोल्टखाली तयार होते. म्हणूनच चार-पाच वेळा सेल्फ मारल्यावर असा जोड हाताला गरम लागतो.

इंजिनाकडची पट्टी तुटली असेल तर लाइटवर इंजिन बंद असताना काहीच परिणाम होत नाही. हेडलाइटचा परतीचा रस्ता बॉडीतूनच बॅटरीकडे जातो, त्यात इंजिन येत नाही. त्यामुळे ‘लाइट लागतात म्हणजे अर्थ ठीक आहे’ हा निष्कर्ष चुकीचा ठरतो.

कोणती लक्षणे दिसली तर अर्थवर संशय घ्यावा?

• सेल्फ ‘टक्’ करून थांबतो किंवा रडत-रडत फिरतो, पण बॅटरी दुसऱ्या गाडीत व्यवस्थित चालते.

• चोक किंवा अ‍ॅक्सिलरेटरची केबल गरम होते, तिच्यावरील आवरणाचा जळका वास येतो. हे सर्वांत गंभीर लक्षण आहे.

• हेडलाइट लावताच पेट्रोल किंवा तापमानाचा काटा जागचा हलतो. यात दोष बहुधा डॅशबोर्डच्या सामाईक अर्थचा असतो.

• इंडिकेटर दिला की शेजारचा टेललाइटही लुकलुकतो. त्या दिव्याचा अर्थ सुटला की करंट दुसऱ्या बल्बच्या फिलॅमेंटमधून परतीची वाट शोधतो.

• इंजिन मध्येच झटके देते. पॉइंट असलेल्या डिस्ट्रिब्यूटरच्या आत हलत्या प्लेटला एक बारीक अर्थ वायर असते. ती आतून तुटली तरी वरून साबूत दिसते आणि प्लेट हलली की स्पार्क जातो.

• डायनमो असलेल्या गाडीत बॅटरीचे पाणी वारंवार आटते. रेग्युलेटरचा स्वतःचा अर्थ नीट नसेल तर त्याला व्होल्टेजचा अंदाज येत नाही आणि चार्जिंग प्रमाणाबाहेर जाते.

चोकच्या केबलचा आणि अर्थचा काय संबंध?

करंटला परतीची मुख्य वाट मिळाली नाही, तर इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी धातूची कोणतीही वस्तू त्याला चालते. चोकची तार, अ‍ॅक्सिलरेटरची केबल, स्पीडोमीटरची केबल या सगळ्या इंजिन किंवा गिअरबॉक्सकडून डॅशबोर्डकडे जातात आणि धातूच्याच असतात. अर्थ पट्टी तुटल्यावरही गाडी कधीकधी सुरू होते, ती यांच्याच जोरावर.

पण या बारीक तारा शंभर-दीडशे अँपिअरसाठी बनवलेल्या नसतात. त्या तापतात, आवरण वितळते, तार आतल्या आत चिकटते. अ‍ॅक्सिलरेटरची केबल चिकटली तर चालत्या गाडीचा वेग आवाक्याबाहेर जाऊ शकतो. चोकची केबल कार्ब्युरेटरपाशी संपते, म्हणजे पेट्रोल असलेल्या जागी. तिथे तापलेली तार ही आगीला निमंत्रणच. म्हणूनच ‘एखाद-दोन वेळा सेल्फ मारला की लागते गाडी’ असे म्हणून हा बिघाड पुढे ढकलणे धोक्याचे आहे.

नव्याने रंगवलेल्या गाडीत हा बिघाड जास्त का?

रंग करंट अडवतो. गाडी पूर्ण रंगवताना जुने बोल्ट काढले जातात, बॉडीला प्रायमर आणि रंगाचे थर दिले जातात, ब्रॅकेटवर पावडर कोटिंग होते. मग अर्थची पट्टी त्याच रंगीत पृष्ठभागावर घट्ट बसवली जाते. दिसायला काम उत्तम, पण धातूला धातू लागलेलाच नसतो. करंट जातो तो फक्त बोल्टच्या आट्यांमधून.

दुसरे नेहमीचे कारण म्हणजे क्लच किंवा इंजिनाचे काम. इंजिन उतरवताना पट्टी सोडली जाते आणि बसवताना राहून जाते. तिसरे कारण हवामान. मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यातील खारी हवा आणि पावसाळ्यातील ओल यांमुळे तांब्याचे टोक आणि लोखंडी बॉडी यांच्या सांध्यात गंज लवकर धरतो. केबलच्या आवरणाखाली तांबे हिरवे-काळे पडत जाते आणि बाहेरून काहीच कळत नाही.

मल्टिमीटरने ‘बीप’ आला, तरी अर्थ खराब कसा?

अनेक जण मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवतात, ‘बीप’ ऐकतात आणि अर्थ ठीक असल्याचे जाहीर करतात. ही तपासणी इथे उपयोगाची नाही. पट्टीच्या शंभर तारांपैकी एकच शिल्लक असली, तरी बीप येतो, कारण मीटर अगदी नगण्य करंट सोडतो. शिवाय साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध ०.०२ ओहमपेक्षा जास्त असतो. त्यामुळे आपल्याला शोधायचा दोष मीटरला दिसतच नाही.

म्हणून तपासणी भार असतानाच, म्हणजे सेल्फ फिरत असताना करायची. तिला व्होल्टेज ड्रॉप टेस्ट म्हणतात.

घरी तपासणी कशी करायची?

त्यासाठी साधा डिजिटल मल्टिमीटर आणि किल्ली फिरवायला एक सोबती पुरतो.

१) गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा. इंजिन सुरू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलला येणारी बारीक पुरवठा वायर काढून वेगळी ठेवा. सैल कपडे, मीटरच्या वायरी आणि हात फॅनपासून दूर असू द्या.

२) आधी बॅटरी पाहा. गाडी काही तास उभी राहिल्यावर पूर्ण चार्ज बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ फिरताना ती १० व्होल्टच्या बरीच खाली जात असेल तर आधी बॅटरी चार्ज करून तपासून घ्या.

३) मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्ह शिशाच्या खुंटीवर टेकवा, क्लॅम्पवर नव्हे. लाल वायर इंजिनाच्या स्वच्छ, रंग नसलेल्या धातूवर टेकवा.

४) सोबत्याला तीन-चार सेकंद सेल्फ मारायला सांगा आणि आकडा वाचा. ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी असेल तर अर्थ उत्तम. ०.५ व्होल्टच्या वर असेल तर रस्त्यात कुठेतरी अडथळा आहे.

५) अडथळा नेमका कुठे, हे शोधण्यासाठी रस्त्याचे तुकडे पाडा. आधी खुंटी ते क्लॅम्प, मग क्लॅम्प ते केबलचे दुसरे टोक, मग ते टोक ते बॉडीचा पत्रा आणि शेवटी बॉडी ते इंजिन. प्रत्येक वेळी सेल्फ मारून आकडा पाहा. एका जोडावर ०.१ व्होल्टपेक्षा जास्त घट नसावी. जिथे आकडा उडी मारतो, तिथेच दोष.

६) अर्थ निर्दोष निघाला तर हीच तपासणी दुसऱ्या बाजूने करा. बॅटरीची पॉझिटिव्ह खुंटी ते सेल्फचा जाड टर्मिनल. दोन्ही बाजू ठीक, बॅटरी ठीक आणि तरीही सेल्फ मंद, तर मात्र सेल्फ उघडण्याची वेळ आली आहे.

दोन तपासण्यांमध्ये सेल्फला मिनिटभर विश्रांती द्या. तो सलग फिरवण्यासाठी बनवलेला नसतो.

मीटर नसेल तर?

जंपर केबलने झटपट अंदाज येतो. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे इंजिनाच्या जाड, स्वच्छ धातूला लावा. केबल फॅन आणि बेल्टपासून लांब ठेवा, टोक पेट्रोलच्या पाइपजवळ नको. आता सेल्फ पूर्वीपेक्षा जोमाने फिरला, तर दोष अर्थमध्येच आहे. फरक पडला नाही, तर शोध दुसरीकडे घ्या. हा उपाय निदानापुरताच आहे, अशी केबल लावून गाडी चालवू नये.

दुरुस्ती करताना काय काळजी घ्यावी?

सर्वांत आधी बॅटरीची बॉडीला जोडलेली, म्हणजे अर्थची केबल काढा. आधी पॉझिटिव्ह सोडायला गेलात आणि पाना बॉडीला लागला, तर थेट शॉर्टसर्किट होईल. जोडताना क्रम उलटा, अर्थ सर्वांत शेवटी.

जोडाची जागा पॉलिश पेपरने उघड्या धातूपर्यंत घासा. केबलचे टोक, बोल्ट, वॉशर हेही स्वच्छ करा. दातेरी वॉशर वापरून घट्ट आवळा. त्यानंतरच वरून ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली लावा. ग्रीस करंट वाहून नेत नाही, ते फक्त ओल रोखते. आधी ग्रीस फासून मग बोल्ट आवळणे उलट्या क्रमाचे आहे.

पट्टी काळवंडली असेल किंवा तिच्या तारा तुटल्या असतील तर नवीनच घ्या. सेल्फचा करंट पेलण्यासाठी २५ ते ३५ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची पट्टी लहान गाडीला योग्य ठरते. अशी ३५ चौरस मिलिमीटरची अर्धा मीटर लांब पट्टी १५० अँपिअरला जेमतेम ०.०४ व्होल्ट खाते. इंजिन हलते, म्हणून पट्टीला थोडी ढील ठेवा आणि ती सायलेन्सरच्या पाइपला लागणार नाही हे पाहा. कंपनीने दिलेल्या मूळ जागीच ती बसवली, तर गाडीचे मूळपणही जपले जाते.

केबल गरम झाल्याचा इतिहास असेल, तर चोक आणि अ‍ॅक्सिलरेटरची तार एकदा बाहेर काढून पाहा. ती आत अडकत असेल तर बदलणे हाच उपाय.

काही गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो, तो काय प्रकार?

जुन्या ब्रिटिश गाड्यांमध्ये बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडण्याची पद्धत होती. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यातील अनेक गाड्या निगेटिव्ह अर्थकडे वळल्या. गाडी त्या पिढीतील असेल तर वर सांगितलेले सर्व ‘निगेटिव्ह’ आणि ‘पॉझिटिव्ह’ उलटे वाचावे लागतात. अशा गाडीला नेहमीच्या सवयीने बॅटरी उलटी लावली किंवा आधुनिक रेडिओ जोडला तर नुकसान होऊ शकते. बॅटरीला हात लावण्यापूर्वी कोणती केबल बॉडीकडे जाते, हे डोळ्यांनी पाहून घ्या.

इलेक्ट्रिशियनकडे कधी जावे?

केबलमधून धूर आला असेल, वायरिंगचे आवरण वितळले असेल किंवा पट्टी बदलूनही घट ०.५ व्होल्टच्या वर राहत असेल, तर गाडी सुरू करण्याचा प्रयत्न थांबवा. बॅटरीची अर्थ केबल काढून ठेवा आणि जुन्या गाड्यांचे काम येणाऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलवा. त्याला ‘गाडी लागत नाही’ एवढेच सांगू नका. कोणत्या दोन ठिकाणांमध्ये किती व्होल्ट घट आली, ते आकडे लिहून द्या. त्यामुळे बॅटरी आणि सेल्फ अंदाजाने बदलण्याचा खर्च वाचतो.

थोडक्यात लक्षात ठेवा

• लाइट आणि हॉर्न चालणे हा अर्थ चांगला असल्याचा पुरावा नाही.

• बीपवर विसंबू नका. सेल्फ फिरत असताना व्होल्टमधली घट मोजा.

• बॅटरीच्या खुंटीपासून इंजिनापर्यंत ०.५ व्होल्टपेक्षा जास्त घट म्हणजे दोष नक्की.

• चोक किंवा अ‍ॅक्सिलरेटरची केबल गरम झाली, तर पुन्हा सेल्फ मारू नका.

• रंगकाम, क्लचचे काम आणि पावसाळा यांनंतर अर्थचे जोड एकदा उघडून, घासून पुन्हा आवळा.